मलिक अंबराच्या पदरीं सरदार कसे घडले

मागें एकदां एका संग्राहक स्नेह्यांच्या घरीं जुन्या कागदांचा रुमाल पाहण्याचा योग आला. त्यांत निजामशाही अमदानीचें एक खुर्दखत निघालें. खालचा मोडी मजकूर बराच स्वच्छ होता. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस आज्ञा, गांवच्या मोकदमांस ताकीद, सर्व जागच्या जागीं. शुहूर सनाचें 'अर्बा' हें पहिलें अक्षर स्पष्ट लागलें. मधला शब्द कसरीनें खाल्लेला. त्याच्या शेवटचा 'न' तेवढा शिल्लक, आणि पुढें 'अलफ'. वरचा फार्सी मजकूर व मोहोर मात्र कात्रीनें सरळ कापून घेतलेलीं. चौकशी करतां समजलें कीं, कागदाच्या पूर्वीच्या मालकानें मोहोरांचा नाद असलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांस तो तुकडा देऊन टाकला. मोडी आपणांस वाचतां येते, फार्सी येत नाहीं, तेव्हां न येणारा भाग ठेवून काय करावयाचें, असा त्याचा हिशेब होता. आज्ञा कोणाची हें वरच्या तुकड्याबरोबर गेलें; ती कोणीं पाळावयाची तेवढें खालीं उरलें.

मलिक अंबराचा इतिहासही आपल्याकडे बहुधा असाच दोन तुकड्यांत वाचला जातो. फार्सी तवारिखांवर भिस्त ठेवणारा लेखक हबशी वजिराचें चरित्र सांगतो. त्यांत मराठे 'बर्गी' या एका शब्दांत येतात आणि त्याच शब्दांत जातात. बखरी व घराण्यांचे कागद वाचणारा लेखक भोसले-जाधवांचा वृत्तान्त देतो. त्यांत अंबर हा एक दूरचा धनी म्हणून अधूनमधून डोकावतो. मी शाळेंत शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें सरळ विचारलें होतें, "गुरुजी, मलिक अंबर आपला कीं त्यांचा?" तो मोगलांशीं लढला म्हणून आपला, असें कांहींतरी उत्तर मीं तेव्हां दिलें. मुलाचें समाधान झालें; माझें झालें नाहीं. ज्याच्या छावणींत हबशी, दखनी मुसलमान, मराठे आणि ब्राह्मण कारकून एकत्र वागत होते, त्याच्या बाबतींत 'आपला' या शब्दाचा अर्थ काय करावा, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत राहिला आहे.

प्रस्तुत लेखांत अंबराचें चरित्र सांगण्याचा हेतु नाहीं. इ. स. १६०० पासून १६३६ पर्यंतच्या छत्तीस वर्षांत या मिश्र समाजांतून हुकूम करूं शकणारीं माणसें कशीं तयार झालीं, एकाच्या हातून दुसऱ्यानें तें काम कसें उचललें, आणि तें कोठें फसलें, एवढेंच पाहावयाचें आहे. संस्कृताच्या जुन्या संवयीमुळें येथें एक गोष्ट सुचते, ती सांगून टाकतों. 'नेता' आणि 'विनय' हे दोन्ही शब्द एकाच नी धातूचे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणास 'विनयाधिकारिक' असें नांव दिलें आहे. तेथें विनय म्हणजे शिक्षण व शिस्त. पुढें नेणारा आधीं कोणाकडून तरी नेला गेला असला पाहिजे, अशी ही दोन शब्दांची सोयरीक आहे. ती अंबराच्या हकीकतींत फार उपयोगी पडते.

निजामशाहीची घडण मुळापासूनच मिश्र होती. संस्थापक अहमद निजामशहा याचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मणांच्या घराण्यांतला, विजयनगरच्या मुलखांत बहामनी लष्कराच्या हातीं सांपडून बाटलेला, असें फिरिस्ता लिहितो. पुढें बुऱ्हाण निजामशहानें कांवरसेन नांवाच्या ब्राह्मणास पेशवेपद दिलें. दरबारांत दखनी आणि परदेशी अशा दोन फळ्या होत्या. हबशी बहुधा दखन्यांच्या बाजूस असत. पण नाना जातींचे लोक एका छत्राखालीं नांदणें निराळें, आणि त्या सर्वांनीं मानावा असा पुढारी त्यांतून निघणें निराळें. इ. स. १५८९ त अहमदनगरांत परदेश्यांची सरसकट कत्तल झाली. इ. स. १५९५ त तर चार पक्षांनीं चार निरनिराळे वारस उभे केले. मियान मंजू हा दखनी एकाचा कैवारी, इखलासखान व अभंगखान हे हबशी आणखी दोघांचे, आणि चांदबिबी चवथ्याची. मियान मंजूनें मोगलांस बोलावणें पाठवून त्यांना दक्षिणेचा रस्ता दाखविला. चांदबिबीनें किल्ला शौर्यानें राखला, पण इ. स. १६०० त ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि अहमदनगर पडलें. त्या दरबारांत शूरांचा तुटवडा नव्हता. प्रत्येक जमातीस आपापला पुढारी होता. दुसऱ्या जमातीच्या माणसास ज्याचा हुकूम पाळावासा वाटेल असा मात्र कोणी नव्हता.

असा पुरुष निघाला तो वयाच्या पन्नाशीच्या घरांत. अंबराचा जन्म सुमारें इ. स. १५४८ चा, हबसाणांतला; मूळ नांव चापू. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला व हातोहात बगदादेस पोंचला. तेथें मीर कासीम नांवाच्या धन्यानें त्यास शिकविलें आणि अंबर हें नांव ठेविलें. तेथून तो दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा पेशवा चेंगीझखान यानें त्यास विकत घेतलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे कीं, चेंगीझखान हाही हबशी, आणि एके काळीं गुलामच. त्याच्या पदरीं असे एक हजार हबशी होते असें सांगतात. गुलाम या शब्दानें आज आपल्या डोळ्यांपुढें शेतांत राबणारा बेडीबंद माणूस येतो. दक्षिणेंतला हा गुलाम घोड्यावर बसे, हत्यार बाळगी, धन्याच्या खलबतांत उभा राही. नात्यागोत्याचा आधार नसलेल्या पोरास धन्याचा वाडा हीच शाळा. पांच-सहा वर्षांपेक्षां अधिक काळ ही शाळा अंबरास लाभली नाहीं, कारण इ. स. १५७५ च्या सुमारास चेंगीझखान मेला. पण एका हबशास पेशवेपद कसें चालवितां येतें, हें त्यानें जवळून पाहिलें होतें.

धनी गेल्यावर अंबर मोकळा झाला. पुढचीं सुमारें वीस वर्षें त्यानें बहुतेक भटकंतींत आणि विजापूरच्या चाकरींत काढलीं. 'मलिक' ही पदवी तिकडचीच. इ. स. १५९५ त तो अहमदनगरास परतला तेव्हां त्याच्याजवळ दीडशें स्वार होते. सत्तेचाळिसाव्या वर्षीं दीडशें स्वार! आमच्या बखरकारांना पुढाऱ्याच्या पाळण्यांतच शुभचिन्हें पाहण्याची हौस असते. अंबराच्या बाबतींत त्यांना कांहीं सांपडलें नसतें.

अहमदनगर पडल्यावर त्यानें राजघराण्यांतला एक वारस परांड्यास गादीवर बसविला आणि आपली मुलगी त्यास दिली. स्वतः गादीवर बसण्याचा यत्न त्यानें केला नाहीं. हबशी राजा दखन्यांनीं मानला नसता, आणि मराठ्यांनीं कां मानावा? निजामशहाचें छत्र मात्र सर्वांच्या ओळखीचें. वतनांच्या सनदा त्या छत्राच्या, इनामें त्या छत्राचीं. तें उभें राहिलें कीं ज्याच्या त्याच्या हक्काला पुन्हां आधार मिळे. अंबरानें हें नेमकें ओळखलें. दौलताबादेकडचा मुलूख बळकावून बसलेला राजू दखनी हा त्याचा प्रतिस्पर्धी होता, आणि खुद्द राजा त्या दोघांस एकमेकांविरुद्ध खेळवीत असे. इ. स. १६०७ त अंबरानें राजूस पकडलें. बरोबरीचा माणूस त्यास खपत नसे, हेंही येथेंच नोंदवून ठेवूं. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां लष्कराकडे वळूं. इ. स. १६१० च्या सुमारास इकडून गेलेला इंग्रज प्रवासी विल्यम फिंच अंबराजवळ त्याच्या जातीचे दहा हजार आणि दखनी चाळीस हजार असल्याचें लिहितो. आंकडे ऐकीव आहेत. त्यांवर फार भर देऊं नये. प्रमाण मात्र पाहण्यासारखें आहे. पांच वाट्यांतले चार वाटे लोक सेनापतीच्या जातीचे नाहींत, आणि त्या चारांतला मोठा भाग मराठ्यांचा. अशा सैन्यास मोगलांच्या तोफखान्यासमोर मैदानांत उभें करण्यांत अर्थ नव्हता. म्हणून दाणावैरण तोडणें, रसदेवर पडणें, रात्रीं छावणीवर बाण सोडून पसार होणें, शत्रु घाटांत शिरला कीं पुढें-मागें दोहोंकडून त्यास हैराण करणें, ही लढाईची तऱ्हा आली. मोगल तिला बर्गीगिरी म्हणत.

ही तऱ्हा अंबरानें मराठ्यांस शिकविली, कीं मराठ्यांनीं अंबरास, यावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. माझ्या मतें या वादांत एक साधी गोष्ट निसटते. मैदानी लढाईस एक डोकें पुरतें; बाकीच्यांनीं ओळ धरून उभें राहावें. विखुरलेल्या लढाईस पन्नास डोकीं लागतात. दहा कोसांवर असलेल्या पथकाच्या म्होरक्यानें आज तांडा मारावा कीं सोडावा, हें विचारावयास छावणींत सांडणीस्वार पाठविला तर तो परत येईतों तांडा निघून गेलेला असावयाचा. निर्णय तेथल्या तेथें, ज्याचा त्यानेंच घ्यावयाचा, आणि चुकला तर आपलेच भाऊबंद मरावयाचे. अशा लढाईंत पंचवीस वर्षें काढलेल्या मुलखांत स्वतंत्र बुद्धीचे सरदार निपजले नसते तरच नवल! घोडें, डोंगरवाट आणि ओळखीचा मुलूख मराठ्यांचा. पन्नास पथकें एका मसलतीच्या दोरीवर धरून ठेवण्याची हातोटी अंबराची. एकानें दुसऱ्यास शिकविलें असें म्हणण्यापेक्षां दोघेही एकाच कामांत शिकले असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

पथकाची घडण कशी होती तेंही पाहण्यासारखें आहे. अंबरानें मराठ्यांचीं घराणीं मोडून त्यांचे स्वार हबशी अंमलदारांच्या हाताखालीं वांटून दिले नाहींत. भोसल्यांचें पथक भोसल्यांजवळ, जाधवांचें जाधवांजवळ. म्होरक्या कोण, हें आधीं भाऊबंद ठरवीत. दरबारचा मोकासा त्यामागून येई. मालोजी भोसला इंदापुराकडे पडला तेव्हां शहाजी व शरीफजी हीं पोरें होतीं. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसानें झालेले म्हणून त्यांचीं हीं नांवें, अशी जुनी कथा आहे. चुलता विठोजी यानें त्यांस वाढविलें, आणि मोकासा त्या घराण्याकडे चालू राहिला. तरुण शहाजीस पहिली तालीम चुलत्याच्या पथकांत, दुसरी अंबराच्या छावणींत. घराची शाळा आणि दरबारची शाळा यांत विरोध येऊं दिला नाहीं, हें अंबराचें मोठें शहाणपण.

याची एक खूण दगड-मातींत उरली आहे. इ. स. १६१० त अंबरानें खडकी हें शहर वसविलें, तेंच पुढें औरंगाबाद आणि आजचें छत्रपति संभाजीनगर. त्याच्या नहरीचें सर्वांस कौतुक आहे आणि तें रास्तही आहे. पण संशोधकानें तेथल्या जुन्या पुऱ्यांचीं नांवें ऐकावीं. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. हीं मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठे सरदारांवरून पडलीं असें सांगतात. हबशी वजिरानें वसविलेल्या राजधानींत मराठे सरदारांनीं आपापल्या नांवानें वस्ती करावी, याचा अर्थ त्यांस तें शहर परक्याचें वाटत नव्हतें. छावणी उठली कीं सरदार आपल्या गांवीं जातो. ज्याचा पुरा राजधानींत आहे त्याचें मन तेथल्या मसलतींत गुंततें.

गांवच्या बाजूनेंही तेंच काम चाललें होतें, आणि त्याविषयीं आमच्या जमीनमहसुलाच्या अभ्यासकांनीं पुष्कळ लिहिलें असल्यामुळें मी थोडक्यांत आवरतों. मलिकंबरी धाऱ्याची चर्चा होते ती बहुधा दराविषयीं. ग्रँट डफ यानें मात्र आणखी दोन गोष्टी टिपून ठेविल्या आहेत. अंबरानें मक्त्यानें वसूल देण्याची चाल बंद करून तें काम मुसलमान अंमलदारांच्या देखरेखीखालीं ब्राह्मण कारकुनांकडे सोंपविलें. आणि गांवगाड्याचे जे भाग मोडकळीस आले होते ते पुन्हां उभे केले. मक्तेदार आला म्हणजे पाटलास कांहीं अर्थ उरत नाहीं. मक्तेदार गेला म्हणजे रयतेच्या वतीनें बोलावयास पाटील लागतो, लिहावयास कुलकर्णी लागतो, निवाड्यास गोत लागतें. वरच्या दरबारांत सरदार आणि खालच्या गांवांत पाटील, दोन्ही ठिकाणीं जो ज्या लोकांचा म्होरक्या तो त्यांचाच राहूं दिला, फक्त त्याच्यावर जबाबदारी टाकली. पुढें सर्वधर्मसमभाव वगैरे जीं नांवें निघालीं तीं येथें चिकटवूं नयेत. मुलूख उद्ध्वस्त झालेला, खजिना रिकामा, मोगल उरावर. अंबराची ती गरज होती. गरजेनें केलेल्या कामाची किंमत कमी होते असें मात्र मला वाटत नाहीं.

या सर्वाचें फळ भातवडीच्या रणांत दिसलें. इ. स. १६२४ त अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, त्याजवळ मोगल आणि आदिलशाही या दोन फौजा अंबरावर एकदम आल्या. तलावाचें पाणी सोडून त्यानें शत्रूच्या वाटेंत चिखल केला, रसद तोडली आणि मग छापा घातला. विजापूरचा सेनापति मुल्ला महंमद लारी मारला गेला. मोगलांचा लष्करखान हातीं लागला. शहाजीचा भाऊ शरीफजी याच लढाईंत पडला.

या लढाईचें वर्णन परमानंदाच्या शिवभारतांत आहे. तंजावरच्या संग्रहांतील पोथीवरून तें काव्य दिवेकरांनीं इ. स. १९२७ त छापलें, तेव्हांपासून तें पुष्कळांच्या हातीं गेलें. पण बहुतेक वाचक शिवजन्माकडे धांव घेतात आणि हा चवथा अध्याय चाळून सोडतात. काव्य शिवाजी महाराजांच्या आश्रयानें, त्यांच्या घराण्याच्या गौरवार्थ झालेलें. अशा काव्यांत हबशी वजिराचें माहात्म्य कमी करून शहाजीचें वाढविलें असतें तर कोणी आश्चर्य केलें नसतें. परमानंद शहाजीस मुख्य करतो खरा. परंतु अंबराविषयीं तो आदरानें लिहितो, आणि निजामशाहीकडच्या वीरांची जी नामावळ देतो तींत शहाजी, शरीफजी, विठोजीचे पुत्र, फलटणकर, चव्हाण, ब्राह्मण सरदार आणि हबशी खान हे सारे एकाच ओघांत येतात. संस्कृत वृत्तांत बसण्यासाठीं कवीनें मराठी आणि यावनी अशा दोन्ही नांवांना सारखेंच वांकविलें आहे. व्याकरणाच्या शिक्षकास त्या रूपांवर हरकती घेतां येतील. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें त्या रांगेकडे पाहावें. पन्नास वर्षांनंतर लिहिणाऱ्या कवीलाही भातवडीची आठवण ती अशा सर्वांच्या रांगेचीच राहिली होती.

येथपर्यंत उजळ बाजू झाली. पण त्याच शिवभारतांत, भातवडीच्या आधींच, दुसरें एक दृश्य आहे आणि तेंही तितकेंच खरें मानलें पाहिजे. दरबार उठून सरदार बाहेर पडत असतां खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. जाधवरावाचा पुत्र दत्ताजी हत्तीवर तुटून पडला. विठोजीचे पुत्र संभाजी व खेळोजी खंडागळ्यांच्या बाजूनें धांवले. बोलाचाली हातघाईवर आली आणि संभाजीच्या हातून दत्ताजी मेला. ही बातमी ऐकून पुढें गेलेला जाधवराव माघारा फिरला, त्यानें संभाजीस ठार केलें, आणि त्या गर्दींत आपला जांवई शहाजी यालाही घायाळ केलें. एका हत्तीच्या पायीं दोन घराण्यांचे दोन तरुण गेले. त्यानंतर जाधवराव मोगलांकडे निघून गेला, असें परमानंद सांगतो. भातवडीस जांवई एका बाजूस आणि सासरा दुसऱ्या बाजूस होता.

हा प्रसंग एकटा नाहीं. इ. स. १६१६ त रोशनगांवच्या लढाईआधीं आदमखान, याकूतखान हे हबशी आणि जाधवराव वगैरे मराठे असे दोन्ही जातींचे सरदार शहानवाजखानाकडे गेले. अंबराचा पराभव झाला, खडकी जाळली गेली. माहूरचा ब्राह्मण सरदार उदाजीराम हाही मोगलांस मिळाला. इ. स. १६२१ त जाधवराव पुन्हां मोगलांकडे गेला तेव्हां त्यास, त्याच्या पुत्रांस व आप्तांस मिळून चोवीस हजारांची मनसब मिळाल्याचें मोगली ग्रंथांत आहे. भातवडीच्या विजयानंतर थोडक्याच काळांत शहाजीही चुलतभावांच्या वैराला कंटाळून विजापुरास गेला. म्हणजे ज्या छावणींत सरदार तयार होत तिच्यांत ते टिकत नसत.

याचें खापर मराठ्यांच्या हरामखोरीवर फोडण्याची जुनी चाल आहे. मोगल लेखकांनीं ती घातली आणि आमच्यांतल्या कित्येकांनीं ती उचलली. वरच्या यादींत हबशीही आहेत हें ते विसरतात. मला कारण दुसरें दिसतें. अंबरानें प्रत्येक घराण्यास आपला म्होरक्या ठेवूं दिला, पण दोन घराण्यांत तंटा लागला असतां तो तोडणारी जागा त्यानें निर्माण केली नाहीं. गांवांत दोन भावांचा वतनाचा तंटा झाला तर गोत बसतें, साक्षी होतात, महजर होतो, हरलेला यजितपत्र लिहून देतो. छावणींतल्या जाधव-भोसल्यांस असें गोत कोठें होतें? निवाडा करणारा एकटा अंबर, आणि त्याचा शब्द पटला नाहीं कीं मोगलांचा दरवाजा उघडा. शिवाय रणांत स्वतंत्र हुकूम देणाऱ्या मराठ्यास राजधानींतल्या शेवटच्या खलबतांत तितकी जागा मिळत असावी असें वाटत नाहीं. अंबराची बायको हबशी, सून हबशी सरदार याकूतखानाची मुलगी. सोयरिकीचें जाळें जातींतल्या जातींत. राजू दखन्याची जी गत झाली ती बरोबरीनें वाढणाऱ्या प्रत्येक सरदारास आठवत असेलच.

अंबर इ. स. १६२६ त वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. जहांगीर बादशहा हयात असतां त्याचें नांव शिवी दिल्याशिवाय घेत नसे, आणि अबुल हसन या चितारानें बादशहा अंबराच्या शिरावर बाण सोडीत असल्याचें चित्रही काढलें होतें. परंतु मोगलांचाच बखरकार मुतमदखान त्याच्या मृत्यूची नोंद करतांना त्याच्या कर्तबगारीची स्तुति करतो. काम मुलाकडे, फत्तेखानाकडे, गेलें. तो शूर होता असें म्हणतात. त्याच्या हातून सरदार सांभाळले गेले नाहींत. निजामशहानें त्यास कैदेंत टाकलें. परत निजामशाहींत आलेल्या लखूजी जाधवाचा इ. स. १६२९ त दौलताबादेच्या दरबारांत मुलांसह खून झाला. ज्या जागीं निवाडा व्हावयाचा त्या जागींच मारेकरी उभे केले, तेव्हां कोणता सरदार तेथें पाऊल ठेवणार? पुढें सुटलेल्या फत्तेखानानें खुद्द राजास मारलें आणि इ. स. १६३३ त दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केलें.

वारसाकडून जें झालें नाहीं तें शिष्याकडून झालें. त्याच इ. स. १६३३ त शहाजीनें पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यांतलें एक लहान मूल गादीवर बसविलें आणि त्याच्या नांवानें राज्य चालविण्यास प्रारंभ केला. राजधानी पडलेली, राजा कैदेंत, मोगल पुढें सरकत आहेत. अशा वेळीं डोंगरी किल्ल्यावर वारस उभा करावा, स्वतः छत्राखालीं राहून कारभार पाहावा, विखुरलेले किल्लेदार आणि पथकें त्या नांवाभोंवतीं गोळा करावीं, विजापूरकरांस आपल्या बाजूस ओढावें. तेहेतीस वर्षांपूर्वी परांड्यास अंबरानें केलें तें याहून निराळें काय होतें? चेंगीझखानाच्या वाड्यांत अंबर जें पाहून शिकला तें अंबराच्या छावणींत शहाजी पाहून शिकला. पहिला हबशी, दुसरा हबशी, तिसरा मराठा. हें काम या हातांतून त्या हातांत गेलें तें जात ओलांडून गेलें. विद्यार्थ्याच्या प्रश्नास आज मी उत्तर दिलें असतें तर मोगलांचा उल्लेखही न करतां त्यास परांड्याहून पेमगिरीस नेलें असतें.

पेमगिरीचें राज्य तीन वर्षें टिकलें. शहाजहान स्वतः दक्षिणेंत उतरला, विजापूरकरांनीं तह केला, आणि इ. स. १६३६ त माहुलीच्या वेढ्यांत शहाजीस तें मूल मोगलांच्या हवालीं करावें लागलें. तो आदिलशाहींत गेला.

आतां त्या कापलेल्या खुर्दखताविषयीं. 'अर्बा' आणि 'अलफ' यांच्यामधला शब्द 'न' कारानें संपतो. तो 'अशरीन' असला तर सन १०२४, म्हणजे इ. स. १६२३-२४, भातवडीच्या लढाईलगतचा, अंबराच्या अमदानीचा कागद होतो. 'सलासीन' असला तर सन १०३४, इ. स. १६३३-३४, आणि मग तो पेमगिरीच्या छत्राखालचा, शहाजीच्या कारभारांतला असण्याचा संभव येतो. मोडी अक्षराच्या वळणावरून दहा वर्षांचा फरक मला लावतां येत नाहीं. मजकुराची भाषाही दोन्हीकडे सारखीच चालेल. मोहोरेवरून एका क्षणांत निकाल लागला असता. कागदाची रुंदी सुमारें सात अंगुळें असून कात्री डावीकडे किंचित् तिरपी गेली आहे. अशा मापाचा, खालून कापलेला फार्सी तुकडा कोणा सभासदांच्या संग्रहांत असल्यास त्यांनीं कडा जुळवून पाहण्यासाठीं त्याचा ठसा मंडळाच्या पत्त्यावर धाडावा. मूळ तुकडा मागितला जाणार नाहीं.